पाहुणीसाठी राखलेला कचरा

लोक पाहुण्यासाठी लाडू राखतात. मामा येणार असला की आमची आई बासुंदीची वाटी फ्रिजमध्ये पार मागं सरकवते आणि पुढं कोबीचा गड्डा उभा करते, म्हणजे आमचे हात तिथवर जायला नकोत. मी प्रेरणासाठी कचरा राखला. साधासुधा नाही, आनंदनगरीचा.

एवढंच सांगितलं की लोक माझ्याकडं नुसते बघत बसतात, म्हणून नीट सांगते.

आमची शाळा मुकुंदवाडीत आहे. सायकल स्टँडच्या मागं एक पत्र्याची शेड आहे, तिथं आमचं कचरा मंडळ चालतं. नाव आम्हीच ठेवलं. मुख्याध्यापकांनी काहीतरी 'पर्यावरण मित्र' वगैरे सुचवलं होतं, पण तसं कोणी म्हणत नाही. मधली सुट्टी संपत आली की प्रत्येक वर्गातून डबा येतो आणि आम्ही वेगळं करायला बसतो. उरलेली खिचडी, सालं, खरकटं एकीकडं. कागद, पुठ्ठा, चिप्सच्या पुड्या दुसरीकडं. रिफिल, ब्लेड, सेल लाल डब्यात. ओलं खड्ड्यात टाकून वर कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरायचा, तेही लगेच. शेडच्या भिंतीवर मी खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'ओलं त्याच दिवशी.' दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. स्टाफरूमच्या चहासाठी पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण तो चिमुकला तुकडा पुन्हा कधी सापडत नाही. हे मी स्वतः स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्या सरांना सांगितलंय. उभं राहून. मोठ्यानं.

हे 'मोठ्यानं' महत्त्वाचं आहे. कारण सातवीपर्यंत मी हजेरीला 'हजर'सुद्धा म्हणत नव्हते. नुसता हात वर करायची. बाई मान खाली घालून हजेरी घ्यायच्या, त्यामुळं वर्गात बसूनही माझी गैरहजेरी लागायची. आईला वाटायचं मी शाळा बुडवून कुठं तरी जाते. तेवढी हिंमत असती तर 'हजर' म्हणाले नसते का.

सातवीतच प्रेरणा भेटली. म्हणजे वर्गात ती आधीपासून होती, पण ती सगळ्यांशी बोलायची आणि मी कोणाशीच नाही, त्यामुळं आमची गाठ पडायचं कारण नव्हतं. मग आली आनंदनगरी. त्या दिवशी शाळेत पोरंच खाण्याचे स्टॉल लावतात, भेळ, आप्पे, पाणीपुरी, उसाचा रस, आणि आईवडील येऊन कौतुकानं कच्चे आप्पेसुद्धा खातात. ज्यांचा स्टॉल नसतो त्यांना शेवटी मैदान झाडायला लावतात. मला आणि प्रेरणाला मिळून एक गोणी मिळाली. ती भरत आली आणि बुडातून फाटली. सगळं पुन्हा खाली.

प्रेरणा खालीच बसली आणि खरकटं एकीकडं, कागद एकीकडं काढायला लागली. म्हणाली, "ओल्यानंच जड होती ही. वेगळं करू, मग फाटणार नाय." मी समोर बसले. तिनं एक संत्र्याची साल उचलली, अख्खी, न तुटता सोललेली, झुंबरासारखी लोंबणारी.

"हे कोणाचं, सांग?"

मी हातातल्या कागदाकडं बघत हळूच म्हणाले, "इंगळे सर."

इंगळे सर गणिताचे. तासाला संत्रं सोलता सोलता सूत्रं सांगतात. प्रेरणा श्वास आत ओढत ओढत हसते, बघणाऱ्याला वाटावं हिला ठसका लागलाय. तशी हसली आणि म्हणाली, "तुला बोलता येतं व्हय गं?"

येत होतं. फक्त समोरच्याच्या तोंडाकडं बघून येत नव्हतं. हाताकडं बघून येत होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज दोन बादल्या पालथ्या घालून समोरासमोर बसायला लागलो, मग हळूहळू बाकीचे आले, शैला मॅडमनी शेड मिळवून दिली आणि मंडळ झालं. पण सुरुवात म्हणाल तर आम्हा दोघींचा खेळ, कचरा बघून माणूस ओळखायचा. हात चालू असेपर्यंत तोंड चालू. चिप्सची पुडी आली की प्रेरणा बोलता बोलता तिचा समोसा घालायची, घट्ट त्रिकोणी, म्हणजे गोणीत जास्त मावतात आणि वाऱ्यानं उडत नाहीत. आईला न सांगितलेल्या गोष्टी मी तिला सांगितल्या, त्या सगळ्या पुड्यांच्या घड्या घालताना. आणि एकदा तोंड उघडल्यावर मग काय, मी वर्गावर्गात जाऊन सूचना द्यायला लागले. आता तर मला गप्प करायला लागतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत प्रेरणाच्या पप्पांना बिडकीनकडच्या नव्या कारखान्यात काम लागलं आणि ते सगळे तिकडंच राहायला गेले. बिडकीन काही परदेश नाही. पण नववीतल्या पोरीला एकटीनं जायला परदेशच आहे.

फोन होते. माझ्या आईचा आणि तिच्या पप्पांचा. तो संध्याकाळी मोकळा असला की ती करायची.

"काय करतीस?"

"काही नाही. तू?"

"काहीच नाही. जेवलीस?"

"हो. तू?"

"आता जेवणार."

मग दोघींचा श्वास ऐकू यायचा. एकदा तर मी मोबाईल कानाला लावून समोरच्या कॅलेंडरवरचे सगळे सण वाचून काढले. दोघींच्या हातात काही नव्हतं ना. प्रजासत्ताक दिनाला मी अख्ख्या शाळेपुढं माइकवर बोलले, प्लास्टिकवर, कागद न धरता. हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "भारी." पुढं काही नाही. मला 'भारी' नको होतं. मी माइकवर बोलत असताना तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं, आणि तेवढंच त्या मैदानावर नव्हतं.

मग तिचा फोन आला. चिकलठाण्याला तिच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, शनिवारी संध्याकाळी.

"सकाळीच पोचणार आम्ही. शनिवारची सकाळची शाळा ना तुमची? सुटायच्या आत येते मी."

"शेडमध्ये ये."

"मग काय मुख्याध्यापकाच्या केबिनमध्ये येऊ?"

आता बघा, आनंदनगरी होती शुक्रवारी. वर्षातला सगळ्यात भारी कचरा, आणि प्रेरणा येणार दुसऱ्या दिवशी. आम्ही शुक्रवारीच सगळं वेगळं करून टाकलं असतं तर तिच्या हातात काय दिलं असतं? रिकामी बादली? ती येऊन पाहुण्यासारखी उभी राहणार, मी "जेवलीस का" विचारणार, आणि ती "हो" म्हणणार. ते मला नको होतं.

म्हणून शुक्रवारी सगळ्या गोण्या शेडमध्ये आल्या तशाच मी त्यांची तोंडं बांधून टाकली. ऋतुराज आमच्यातला सुक्याचा प्रमुख, आठवीत आहे, पण बोलतो आजोबांसारखा.

"आज वेगळं करायचं नाही?"

"उद्या."

त्यानं भिंतीकडं बोट केलं. "हे कुणाचं अक्षर आहे?"

"माझं."

"मग?"

"मग माझं अक्षर आहे, मी बघते. उद्या तुम्हीपण थांबू नका, मी करते सगळं."

"लई मोठी झाली बाई आमची," असं म्हणून तो सायकल काढून गेला.

गोण्या बांधताना मी आत डोकावलेसुद्धा नाही. उसाची चिपाडं वरच दिसत होती तेवढीच. खेळ दोघींना सारखा पडायला पाहिजे.

शनिवारी शाळा सुटली. मी दोन बादल्या पुसून समोरासमोर पालथ्या घातल्या आणि एकीवर बसले. सायकल स्टँड रिकामं झालं. शाळेचे वॉचमन कडुबामामा दोनदा येऊन गेले.

"कोणी यायचंय का, पोरी?"

"हो. प्रेरणा."

"ती हसायची ती? मग येईल की. रिक्षा घावली नसंल."

तिसऱ्या वेळी त्यांनी नुसत्या किल्ल्या वाजवल्या. गोण्यांमधून तोवर आंबूस वास यायला लागला होता. मी खड्ड्याकडं बघितलं, गोण्यांकडं बघितलं. मला वाटलं, मी आत्ता सोडायला बसले आणि ती आली तर? मी गोण्यांना हात लावला नाही. दार ओढून घेतलं आणि घरी आले.

संध्याकाळी तिचा फोन. मागं बायकांचा गलका.

"अगं, मामानं डायरेक्ट इकडंच आणलं. मग ओटीचं सामान, फुलं, मला सोडेचनात. मी म्हणलं दहा मिनिटांत येते, तर मामी म्हणती आता कुठं जातीस."

"बरं."

"उद्या जेवण झालं की परत निघायचंय."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही गं. जा, बोलवत असतील."

खरंच रागावले नव्हते. कचऱ्याचं काही तिला सांगितलं नाही. आमच्या गच्चीवरून चिकलठाण्याकडचे दिवे दिसतात. मी वर जाऊन साखरपुड्याचा लाउडस्पीकर ऐकू येतो का बघितलं. कुठलं तरी गाणं येत होतं. पण त्या दिवशी लग्नसराईत चारी बाजूंनी गाणी येत होती, त्यामुळं त्यातलं तिचं कुठलं ते कळायला मार्ग नव्हता.

रविवारी सकाळी आईचा मोबाईल वाजला. शेडच्या दारावर मंडळाचा नंबर म्हणून आईचाच नंबर लिहिलाय.

"ताई, कडुबा बोलतोय. संस्कृतीला पाठवा. कुत्र्यांनी पत्रा वाकवून गोण्या फाडल्यात. लई वास सुटलाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मला सगळं सांगावं लागलं. ऐकून तिनं हातातली पोळी लाटून तव्यावर टाकली.

"मैत्रिणीसाठी कचरा राखती. उद्या सासरी जाऊन काय राखशील गं बाई?" मग पीठ लागलेल्या हातानंच मोबाईल पुढं केला. "हा घेऊन जा. पोचलीस की फोन कर. आणि ते जुने कपडे घाल."

शेडची काय अवस्था होती ते लिहीत नाही. चिंचेची चटणी आणि बटाटा दोन रात्री एका गोणीत राहिले तर त्यांचं काय होतं हे ज्याला बघायचं असेल त्यानं बघावं. मुंग्यांची रांग पार सायकल स्टँडपर्यंत गेली होती. कडुबामामांनी नाकाला रुमाल बांधून गेट उघडलं आणि लांबच जाऊन बसले. दोन्ही बादल्या मात्र मी ठेवल्या तशाच समोरासमोर होत्या. एकीवर मी बसले. दुसरीकडं न बघता सुरुवात केली.

चिपाडं निघाली, ओल्या द्रोणांचा लगदा निघाला, आणि मोबाईल वाजला. प्रेरणाच्या पप्पांचा नंबर. हात कोपरापर्यंत बरबटलेले. मी नाकाच्या शेंड्यानं फोन उचलला, कोपरानं स्पीकर चालू केला आणि कसाबसा समोरच्या बादलीवर टेकवला.

"काय करतीस?"

आणि मी 'काही नाही' म्हणाले नाही. "कचरा वेगळा करतीये," म्हणाले.

"रविवारी?"

"आनंदनगरीचा आहे. तुझ्यासाठी राखला होता."

मला वाटलं, फोन कटला. मग श्वास आत ओढल्याचा आवाज आला, ठसका लागल्यासारखा. दिवाळीपासून मी तो ऐकला नव्हता.

"येडी आहेस का? ओलं पण राखलंस?"

"ओलं पण."

"वास?"

"येत नाही का तिकडं?"

"येतोय ना. मामी मघापासून नाक धरून बसली, मला वाटलं गटार फुटलं."

"तू काय करतीस?"

"मेथी निवडतीये. ढीग आहे ढीग. सगळं वऱ्हाड जेवून जाणार म्हणे."

तिच्याही हातात काहीतरी होतं. काड्या मोडल्याचा बारीक आवाज येत होता, टक, टक. मी एक ताटली उचलली.

"बरं, सांग. भेळेची ताटली. भेळ खाल्लीय, पण शेंगदाणे सगळे कडेला, ओळीत लावलेले."

"ऋतुराज. शेंगदाणा खाल्ला की तोंडात पुरळ येतं त्याच्या."

"बरोबर. लिंबाची फोड, चोखून पांढरी केलेली, वर मीठ."

"शैला मॅडम."

"काहीही."

"अगं मी स्वतः पाहिलंय मागच्या वर्षी. स्टॉलच्या मागं जाऊन खातात, डोळे असे मिटून."

मी शैला मॅडमना डोळे मिटून लिंबू खाताना डोळ्यापुढं आणलं आणि इतकी हसले की कडुबामामांनी लांबून मान वर करून बघितलं, ही पोर एकटी कोणाशी हसती. हात भराभरा चालले होते. वासाचं मी विसरूनच गेले.

"पोपटी रिबीन. केसासकट."

"पोपटी? शाळेत पोपटी कोण लावतं?"

"सोनिया. पाचवीत नवीन आलीय, पळाली की रिबीन पडतेच तिची."

"अच्छा," प्रेरणा म्हणाली. "कानातलं वगैरे काही?"

"आहे ना. मोत्याचं. दांडी वाकडी झालीय."

टक, टक आवाज थांबला.

"हे मला कसं कळंल आता? मी गेल्यावर तुमच्यात कोणी कोणी नवीन कानातली घेतली, मला काय माहीत?"

मी ते कानातलं बाजूला ठेवलं. पण हात थांबवले नाहीत. थांबवले असते तर परत "जेवलीस का"वर आलो असतो हे मला ठाऊक होतं. मी एक ताटली पुसून उगाच दुसऱ्या ढिगात टाकली, मग परत पहिल्या. थोड्या वेळानं तिकडं टक, टक पुन्हा सुरू झालं, आणि त्या आवाजाखालून ती हळू बोलली.

"संस्के, इथं मी हजेरीला नुसता हात वर करते."

प्रेरणा. जिचा 'हजर' शेजारच्या तुकडीत ऐकू जायचा.

"बाई मान खाली घालून हजेरी घेतात का?" मी विचारलं.

"सर आहेत. हो, खालीच."

"मग गैरहजेरी लागंल."

"लागली की. दोनदा."

आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं नव्हतं तरी.

"सगळ्यांचे ग्रुप आधीच झालेत गं," ती म्हणाली. "वाईट नाहीत कोणी. पण कुठून आत शिरायचं तेच कळत नाय. तुझं बरं आहे, तू आता माइकवर बोलती."

"मी माइकवर बोलले तेव्हा तू नव्हतीस."

"हं."

"म्हणून ते अर्धंच झालं."

हे मी तिच्या तोंडाकडं बघून म्हणू शकले असते का, माहीत नाही. मोबाईलच्या काळ्या काचेत माझंच नाक दिसत होतं.

"तिथं कचऱ्याचं काय करतात?" मी विचारलं.

"मागं जाळतात. शनिवारी. पाळी असती एकेका वर्गाची."

"तुमची आली की एक गोणी मागून घे. आणि कोणाला तरी समोर बसव."

"कोणाला?"

"जी बोलत नाही तिला."

तिनं दोन-चार काड्या मोडल्या. मग म्हणाली, "तू नसशील ना पण."

"नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात मागून कोणीतरी तिला हाक मारली. भाजी झाली का, भांडी कुठायत, पानं वाढायला घ्या.

"ठेवते. जेवलं की लगेच निघायचं म्हणतोय मामा. किती राहिलं तुझं?"

मी बघितलं. ओलं सगळं खड्ड्यात गेलं होतं. पाला टाकायचा होता फक्त. "एक गोणी. चिप्सच्या पुड्यांची."

"सुकी?"

"सुकीच."

"मग ती राहू दे. समोसे मी घालीन. उन्हाळ्याच्या सुट्टीत येते."

"नक्की?"

"सुकी आहे ना. ती कुठं जातीय?"

फोन बंद झाला. मी पाला पसरला, शेड धुतली, हात धुतले, परत धुतले. चिकलठाण्याहून बिडकीनला जाणारी गाडी जालना रोडनं आमच्या इथूनच पुढं जाते. कडुबामामा जेवायला जायचं म्हणून खोळंबले होते, तरी मी रेंगाळले. शेवटी बादलीवर चढले. भिंतीवरून लांबच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे नुसते टप दिसतात, पांढरे, लाल, निळे, एकामागून एक. मामाच्या गाडीचा रंग मी विचारलाच नव्हता. मग सगळ्याच गाड्यांना हात केला.

सोमवारी ऋतुराजनं शेडमध्ये आल्या आल्या नाक वर करून हवा हुंगली आणि काही बोलला नाही, हे त्याचे उपकार. मग खिळ्याला टांगलेली गोणी त्याला दिसली. सुक्याचा प्रमुख तो. ती काढून सोडायला लागला.

"ती राहू दे."

"पुड्या आहेत नुसत्या. आजच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत जातील."

"या नाही जायच्या. उन्हाळ्यात जातील."

"का?"

"प्रेरणा घड्या घालणार आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या माझ्या अक्षराकडं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? पुड्या कोणी राखून ठेवतं का?"

"सुक्या आहेत. तिथं फक्त ओल्याचं लिहिलंय."

तो पुटपुटत प्रेरणाच्या बादलीवर बसला. बसू दिलं. बादली काय, बसायलाच असते. वर्गाचे डबे आले होते, त्यानं पहिला डबा मध्ये ओतला. मी त्याच्या हातातली गोणी घेतली, तिचं तोंड पुन्हा आवळून बांधलं आणि खिळ्याला लावली. वाऱ्यानं आतल्या पुड्या बारीक आवाज करत राहिल्या. त्या आवाजातच आम्ही वेगळं करायला घेतलं.